कोपरा गेलेलं कार्ड

सोम. ३ फेब्रु.
लालबागला पास्कलच्या प्रेसवर. क्लिनिकच्या जाहिरातीची आठशे कार्डं, पोस्टाने जाणार. म्हातारी माणसं मोबाइल बघत नाहीत, पण पोस्टमनने दिलेलं दोनदा वाचतात. पिवळा रंग, कोपऱ्यात कूपन: 'ऐकू येत नाही? हा कोपरा फाडून आणा, कान मोफत तपासू.' पास्कलची कुरकुर, "मॅडम, भोकांची लाइन एवढी खोल नको. बंडलातच झडेल." म्हटलं, म्हाताऱ्या बोटांत जोर नसतो, खोलच पाडा. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी आले.

शुक्र. ७
कार्डं पोस्टात. पोचतात का ते कळावं म्हणून यादीत घरचाही पत्ता घातलाय. संध्या. बाबांना परत म्हटलं, कानाचं मशीन लावा. "मुंगळो शिरल्यासारख्या वाटता." मुलगी सगळ्या परळचे कान तपासते, बाप ढिम्म.

बुध. १२
वरळीहून एका बाईंचा फोन. "मयताचं कार्ड पाठवता? लाज आहे का? सासूबाई न वाचताच रडत आंघोळीला गेल्या." दुपारपर्यंत असेच नऊ-दहा. कूपनं वाटेतच गळाली आणि लोकांच्या हातात कोपरा फाटलेलं कार्ड पडलं. गावाहून कुणी गेल्याचं कार्ड असंच यायचं, कोपरा फाडून. वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही. लहानपणी मी हे सगळं पाहिलंय. तरी आठवलं नाही. किळस आली, त्या पिवळ्या रंगाचीसुद्धा.

गुरु. १३
पास्कलला झापायला गेले. तो शांत. "आमच्यात मयताच्या कार्डाला काळी चौकट असते, कोपऱ्याचं मला काय ठाऊक? पण झडेल बोललो होतो की नाय?" बोलला होता, म्हणून जास्तच डोकं फिरलं. प्रेसवर उरलेला, न पाठवलेला गठ्ठा घरी घेऊन आले. आज तीन पेशंट यायचे होते, एकही फिरकला नाही.

शुक्र. १४
दुपारी दोनला देवगडहून संतोषचा फोन, अण्णाकाकांचा मुलगा. गावच्या घराच्या पडवीवरून भांडण झालं, तेव्हापासून नऊ वर्षं बाबा आणि अण्णाकाका, दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. काकांना दिवाळीत झटका येऊन गेला, तेव्हाही बाबा गेले नाहीत.

"ताई, बाराला काकांचा, तुझ्या बाबांचा, फोन आलेला. आमच्या बाबांनीच उचलला. काका विचारतात, 'अण्णा कधी गेलो?' बाबा म्हणाले, 'आसंय रे अजून.' काकांना ऐकूच येईना. 'किती वाजता नेलास' म्हणून रडत राहिले. बाबांनी फोन ठेवला. तेव्हापासून जेवले नाहीत."

क्लिनिक बंद करून घरी. बाबांचे केस ओले, तोंड भिंतीकडे. कचऱ्याच्या डब्यात पिवळे तुकडे. माझ्याच कार्डाचे. झटका आल्यापासून बाबांना अण्णाकाकांच्याच कार्डाची धास्ती होती, हे मला माहीत नव्हतं का? ओरडून सांगितलं, जाहिरात आहे, काका बरे आहेत. बाबांनी हात झटकला. "कार्ड बघलंय मी."

शेवटी गठ्ठ्यातल्या एका कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: 'अण्णाकाका जिवंत आहेत. फोन त्यांनीच उचलला होता.' चष्मा लावून वाचलं. "अण्णा काय म्हणालो?" पुन्हा लिहिलं: 'आसंय रे अजून.' 

जाहिरात करायला निघाले आणि बापाला जिवंत भावाचं सुतक पाळायला लावलं. स्वतःची शिसारी येते.

शनि. १५
बाबा रात्रभर कार्ड उशाशी घेऊन होते. सकाळी चहाच्या वेळी उलटून छापील बाजू वाचली, सावकाश, ओठ हलवत. या कार्डाचा कोपरा शाबूत होता. तो त्यांनी नीट भोकांवरून फाडला आणि माझ्या हातात दिला.

"आज तपास. मगे अण्णाक फोन लावून दी."

क्लिनिकला बरोबर आलेत, बाहेर बाकावर बसलेत. संतोषला दोनदा फोन केला. म्हणतो, अण्णाकाका फोनजवळ यायला तयार नाहीत.