एक क्रीडाप्रेमी, जालना

वडीगोद्री,
रविवार, २९ सप्टेंबर २००२

प्रिय नंदा,

पावणेतीन वर्षांनी पत्र लिहितोय आणि 'कशी आहेस' असं विचारायचीही सोय नाही, कारण तू कशी आहेस ते मच्छिंद्रने मला मंगळवारी येऊन सांगितलं. येत्या शनिवारी, पाच तारखेला, तुमच्या शाळा समितीची बैठक आहे. तुला तासिकेवर ठेवायचं की घरी पाठवायचं ते त्यात ठरणार आहे. कारण काय, तर तुझ्या पोरींनी जिल्ह्याच्या सामन्यात नऊ गोल खाल्ले. गोल खाल्ले की कोचची नोकरी जाते हा जगाचा न्याय मला पाठ आहे. या दुकानात टायरवर बसून मी स्वतः निदान चाळीस कोचांना घरी बसवलंय. पण मंगळवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मला तुला एक सांगायचं आहे, आणि ते सरळ लिहिता येत नाहीये. आधी बाकीचा जाळ काढू दे. मग येतो मुद्द्यावर.

मी मामाच्या दुकानात असतो हे तुला कळलंच असेल. अप्पाराव मामा, हायवेला लागून टायर-पंक्चरचं दुकान, शेजारी ढाबा, ढाब्यात टीव्ही. तू म्हणशील वडीगोद्रीत फुटबॉल कोण बघतं? ट्रकवाले बघतात. केरळचा नाहीतर बंगालचा ड्रायव्हर थांबला की मला चेव येतो. त्याचं चाक खोलून ठेवलेलं, त्याला मराठी येत नाही, मला त्याची भाषा येत नाही, तरी दोघांनी मिळून अर्जेंटिनाच्या कोचला घातलेल्या शिव्या दोघांनाही बराबर समजतात. जूनमध्ये वर्ल्ड कपचे सामने भर दुपारी होते. मामा ओरडायचा, "धर्मा, तू पंक्चर काढून राह्यला का पंक्चर करून राह्यला?"

मामाला काय कळणार. तू सांग, दोन नावाजलेले स्ट्रायकर हाताशी असताना एकाला खेळवायचं आणि एकाला बसवायचं, ही कुठली अक्कल? पहिला दमला की त्याला काढून दुसरा आत. दोघं एकत्र म्हणून नाहीत. गोठ्यात दोन बैल असताना एकालाच जुंपायचं आणि दुसऱ्याला वैरण घालत बसायचं! पहिल्याच फेरीत अर्जेंटिना घरी. फ्रान्सचं तर नावच काढू नको. जगज्जेते म्हणे. तीन सामने, एक गोल नाही. शेवटच्या सामन्यात मांडीला पट्टी बांधलेल्या माणसाला उतरवलं. आधी धडधाकट दहा जणांना नीट उभं करता येईना, मग लंगडणाऱ्याच्या खांद्यावर अख्खा देश. सौदीने जर्मनीकडून आठ खाल्ले तेव्हा मात्र मी ढाब्यात उभा राहून एकेक गोल मोजला आणि पोट धरून हसलो. असल्या कोचला विमानातसुद्धा घेऊ नये, असंही म्हणालो.

नुसतं बोलून माझं भागत नव्हतं. म्हणून मी लिहायला लागलो. पेपरात जिल्ह्याच्या पानावर कोपऱ्यात वाचकांची पत्रं येतात ना, तिथे. कधी फ्रान्सवर, कधी तालुक्याच्या कबड्डी संघावर, कधी जालन्याच्या मैदानावर उगवलेल्या गवतावर. पाच पत्रं छापून आली. तुला हसू येईल, पण कॉलेज सोडल्यापासून माझं काही कुणाच्या कामाचं असेल तर ती पाच पत्रं, असं मला वाटायचं. कात्रणं मी बिलबुकात ठेवली होती.

त्याच पेपरानं वर्ल्ड कपला एक स्पर्धा काढली होती. कूपनवर आपल्या मनाचे अकरा खेळाडू लिहायचे. ज्याचा खेळाडू गोल करील, गोल अडवील, त्याला गुण. आम्ही दुकानातही तसंच केलं, ट्यूबच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. मी माझ्या संघात चार अर्जेंटिनाचे आणि तीन फ्रान्सचे भरले. दहा-बारा दिवसांत सातही जण विमानात. मामाला एकाही खेळाडूचं नाव घेता येत नव्हतं. त्यानं सगळेच्या सगळे ब्राझीलचे घेतले. का, तर "पिवळी बंडी हाय. हळदीचा रंग, शकुनाचा." तो जिंकला. अजून गिऱ्हाइकांना सांगतो, "आमचा भाच्चा शिकेल हाय, त्यामुळं हारला."

पुठ्ठ्यावर आणखी एक संघ होता. त्याच्या डोक्यावर मी नुसतं 'नं' लिहिलं होतं. मामानं विचारलं, "हा नं कोण रे?" मी म्हणालो, एक जुनं गिऱ्हाईक आहे. तू कुणाकुणाला घेतलं असतंस याचा विचार करून मी ते अकरा निवडले होते. कोरियाचे, सेनेगलचे, तुर्कस्तानचे, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही असे. कॉलेजात गल्लीतल्या पोरांचे संघ पाडतानाही तू तसंच करायचीस. ज्याला कुणी घेत नाही त्याला आधी हाक मारायचीस. तो 'नं'चा संघ दुसरा आला. माझा सगळ्यांत खाली. पुठ्ठा अजून आहे. मामानं त्यावर हवेचे दर लिहून दुकानाबाहेर लावलाय, पण मागची बाजू माझी आहे.

आता ते कॉलेजचं. तू तिथे होतीस, तरी माझ्याकडून लिहितो, कारण माझ्याकडून ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. आपण तीन गोलांनी मागे होतो. मी रेफ्रीशी भांडत होतो म्हणून सरांनी मला बाहेर काढलं. मी मैदानाच्या कडेलाच बूट काढले आणि सरांच्या पायाशी फेकले. "घ्या सर, तुम्हीच खेळा." सगळी पोरं बघत होती. मच्छिंद्र गोलमधून ओरडत होता, "धर्म्या, येडा झाला का?" मी तसाच स्टँडवर गेलो. तू मागून पळत आलीस, हातात माझे बूट. मला वाटलं, तू म्हणशील की तुझंच खरं आहे. तू म्हणालीस, "बाहेरून तू लई भारी खेळतोस धर्मराज. एकदा त्या सरांच्या जागी उभं राहून बघ." मी बूट घेतले नाहीत. अंबडपर्यंत मोज्यांवर आलो. गाडीतली एक म्हातारी सारखी माझ्या पायांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जायचं नाही असं ठरवलं. दुसरा दिवस अजून संपलेला नाही. तुझी दोन पत्रं आली होती. पहिल्यात परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. दुसऱ्यात एकच ओळ, "बूट माझ्याकडे आहेत, कधी नेतोस?" मी उत्तर लिहायला चारदा बसलो. बुटांवर सुरू केलं की गाडी दुसरीकडेच जायची, आणि जिकडे जायची ते लिहायची छाती नव्हती. सरांवर बूट फेकायला छाती लागत नाही हे मला तेव्हा कळलं. नंतर ऐकलं, तू बी.पी.एड.ला औरंगाबादला गेलीस. मी समजलो, तिकडेच कुणाशी तरी लग्न होऊन राहिली असशील. विचारलं नाही. तू जूनपासून वाटूरच्या शाळेत खेळ शिकवतेस हे मला माहीत नव्हतं, नंदा. खरंच माहीत नव्हतं.

मंगळवारी मच्छिंद्रची सुट्टी होती. कंडक्टर झाल्यापासून तो सुट्टीच्या दिवशीसुद्धा बोटांनी चिल्लर वाजवत बोलतो. म्हणाला, "जालन्याहून परतूरची गाडी काढली, तं आठ पोरी चढल्या गाणं म्हणत. म्या म्हणलं कप आणला वाटतं. इचारलं, जिंकल्या का गं? तं एक बारकी म्हणती, न्हाई दादा, नऊनं हारलो. पण दुसऱ्या हाफात दोनच खाल्ले! अन् मागं बघतो तं आपली नंदा. गळ्यात शिट्टी, तिकिटाला पैसे काढून राह्यली." मी विचारलं, आठच पोरी कशा? तो म्हणाला, "तिघींना घरच्यांनी मुगाच्या शेंगा तोडायला ठिवून घेतलं. नंदा आठ पोरी घेऊनच गेल्ती. दुसरा कुणी असता तं सामना सोडून आला असता."

मग त्यानं सगळं सांगितलं, जे तू त्याला गाडीत सांगितलंस. पहिल्या अर्ध्यात सात गोल झाले, पोरी रडायला लागल्या. मध्यंतरात तू गोलीला पुढे काढलंस, सगळ्यांत उंच पोरगी गोलमध्ये उभी केलीस, मागे तीन जोड्या लावल्यास आणि सांगितलंस, बॉल सुटला तरी चालेल, जोडी सोडायची नाही. आठ पोरी, समोर अकरा, आणि दोनच गोल. अर्जेंटिनाच्या कोचला हे सुचलं नव्हतं, आणि मला तर टायरवर बसूनही सुचलं नसतं.

पुढे तो म्हणाला, "काल परत गाडीत भेटली, तं तिनं पर्समधून हे काढून मला वाचायला दिलं. म्या म्हणलं, एक दिस राहू दे माझ्याकडं." आणि मच्छिंद्रने खिशातून कात्रण काढून दुकानात मोठ्यानं वाचलं. "अकरा मुलींना नऊ गोल अडवता येत नसतील तर दोष मुलींचा नव्हे, प्रशिक्षकाचा. सामना सुरू असताना हे महाशय झोपले होते काय? शाळेने त्यांना जाब विचारावा व लायक माणूस नेमावा. एक क्रीडाप्रेमी, जालना." समितीच्या अध्यक्षांनी ते कात्रण शिक्षकांच्या खोलीत टाचून ठेवलं होतं म्हणे, आणि शिपाईण चांगुणाबाईनं ते काढून गुपचूप तुझ्या हातात दिलं. मच्छिंद्र म्हणाला, "कोण असंल रे हा भाड्या? महाशय म्हणतो. ह्याला बाई हाय का बुवा तेबी ठाव न्हाई. घावला तं मी ह्याला चालत्या गाडीतून खाली उतरवतो." मामा म्हणाला, "उतरव बाबा, तिकीट मी देतो." मी पाना हातात घेऊन बसलो होतो. पाना घट्ट बसलेल्या नटावर होता की मोकळा, तेही मला आठवत नाही.

गुरुवारी मी दोन गाड्या बदलून वाटूरला आलो होतो. तुला समोरासमोर सांगायचं ठरवून आलो होतो. फाट्याजवळच्या चहाच्या टपरीवरून तुमचं मैदान दिसतं. बांबूचे गोलपोस्ट, वरच्या आडव्या बांबूऐवजी सुतळी. त्या दिवशी दहा पोरी होत्या. तू शिट्टी कमी वाजवतेस आणि हात जास्त हलवतेस. एकदा तू रस्त्याकडे पाहिलंस, मी कपबशी तोंडासमोर धरली. गोलमधल्या उंच पोरीच्या पायात बूट होते, बाकी सगळ्या अनवाणी. काळे बूट, डाव्याच्या टाचेला मी स्वतः दाभणानं घातलेले टाके. लेसच्या जागी लाल रिबीन. चालताना मागून चिंध्या बाहेर येत होत्या, ती वाकून परत कोंबत होती. चहा तसाच ठेवून मी परतीची गाडी धरली.

तो क्रीडाप्रेमी मी आहे, नंदा. मी जालन्यात राहत नाही, मी तो सामना पाहिलेला नाही, पेपरात दोन ओळींचा निकाल वाचला आणि ट्यूबचं ठिगळ तापायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते पत्र लिहून मोकळा झालो. अकरा मुली मीच मोजल्या, घरबसल्या. मच्छिंद्रला काल सांगितलं. त्यानं मारलं नाही, शिवीही दिली नाही, नुसता उठून गेला. ते जास्त लागलं. सोबत एक कागद आहे, समितीच्या नावानं. त्यात लिहिलंय की पत्र माझं, सामना न बघता लिहिलेलं, मैदानात आठच मुली होत्या आणि दुसऱ्या अर्ध्यात दोनच गोल झाले. तसंच एक पत्र पेपरलाही टाकलंय, पण चूक काढणारी पत्रं ते लगेच छापतात, चूक कबूल करणाऱ्याला जागा मिळेल की नाही सांगता येत नाही. म्हणून हा कागद तू हातात ठेव. शनिवारी सकाळी दहापासून मी तुमच्या फाटकाबाहेर उभा असेन. त्यांनी विचारलं की हा कोण, तर मला आत बोलाव, सगळ्यांसमोर सांगतो. नाही बोलावलंस तरी बैठक संपेपर्यंत उभा राहीन. मध्येच निघून जाणार नाही. तू माझ्याशी न बोलता समोरून गेलीस तरी ते बराबरच आहे. फक्त बूट परत देऊ नकोस. त्या पोरीला अजून दोन वर्षं तरी लागतील.

तुझाच, आणि यापुढे प्रत्येक कागदावर पूर्ण नावाचा,

धर्मराज कारभारी खरात
मु. पो. वडीगोद्री, ता. अंबड, जि. जालना