सतरावा किलोमीटर

रविवार, २९ ऑगस्ट २०१०

पळाले! एकवीस किलोमीटर! पाय लाकडाचे झालेत, पण पळाले.

वेळ मात्र तीन तास दहा. तयारी अडीचची होती. पंधरापर्यंत सगळं ठरल्याबरहुकूम — किलोमीटरची पाटी आली की मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबायचं, पुढची पाटी, पुन्हा बटण. नीलिमा सकाळीच चिडवत होती, "चारे, तू मेलीस तरी आधी ते बटण दाबशील!" सोळानंतर बिघडलं. ऊन असं तापलं की ऑगस्ट आहे की मे कळेना. नीलिमाच्या पोटरीत गोळा आला. थांबले मी तिच्यासाठी. बराच वेळ गेला. पण तिला सोडून पुढे जावं, हे मनातसुद्धा आलं नाही.

उजवं कोपर सोललंय. बॅरिकेडला घासलं असणार. टी-शर्ट मागून मातीने भरलेला. किशोर म्हणाला, "पळायला गेली होतीस की कुस्तीला?" नवऱ्याला वर्षातून एकदा विनोद सुचतो, तो आज सुचला.

मेडल देवाजवळ ठेवलंय.

सोमवार, ३० ऑगस्ट

जिना उलटा उतरले. शाळेत सातवीच्या मुली तोंडावर वह्या धरून हसत होत्या. हसा.

निकाल लागला. लेकीने, प्राचीने वेबसाइटवर बघून सांगितलं — मी ३:१०:४२, नीलिमा ३:१०:४३. एका सेकंदाचा फरक! जवळजवळ हातात हात घालूनच आलो म्हणायचं. फार बरं वाटलं.

बुधवार, १ सप्टेंबर

आज सुट्टीसारखा दिवस. पाऊस नाही, काम नाही. नीलिमाचा विचार करत बसले.

तिचे यजमान प्रकाशराव गेले तेव्हा तिने दार लावून घेतलं होतं. पाच घरं सोडून तर राहते. रोज पहाटे साडेपाचला मी तिच्या फाटकाशी जाऊन उभी राहायचे. आतून म्हणायची, "जा गं, मला नको." मी उभीच. एकविसाव्या दिवशी ती बाहेर आली, पायात प्रकाशरावांचे मोजे. विद्यापीठाच्या रस्त्यावर झाडांखालून नुसतं चाललो. त्या चालण्याचं पुढे हे पळणं झालं. आता ती माझ्यापेक्षा सरस पळते. कौतुकच आहे. पण खरं सांगायचं तर — तिला उभं मी केलं, हे मी कधी विसरत नाही. कुणाला सांगत नाही, पण विसरत नाही.

रविवार, ५ सप्टेंबर

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

आज भगवंतरावांच्या गच्चीवर नाश्ता. शर्यतीनंतरचा पहिला रविवार म्हणजे प्रत्येकाने आपली हकीकत सांगायची, ही आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपची रीत. भगवंतराव म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, शिस्तीचा. नियम दोन. सगळ्यात शेवटी आलेला सगळ्यात आधी बोलणार. आणि दुसरा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही — "ज्याची शर्यत त्याचं तोंड!"

आम्ही दोघी सगळ्यांत मागे. नीलिमा एका सेकंदाने आणखी मागे. म्हणून ती आधी.

आणि काय सांगितलं तिने! "सोळा झाले आणि चारू गप्प झाली. मग मलाच विचारते, तुमचं नाव काय हो? मी म्हटलं, नीलिमा. म्हणते, कोण नीलिमा? आणि बसली की मटकन रस्त्यात!" वर हसत होती. मी पडले म्हणे. पाणी ओतलं म्हणे. "दवाखान्याचे गाडीवाले आले तर गाडीत बसेना. मेडल घेतल्याशिवाय येत नाही म्हणाली. मग काय, माझी वेळ गेली खड्ड्यात! धरून धरून आणली."

धरून आणली! मला!

मी तोंड उघडलं, तर भगवंतरावांनी बोट वर केलं. "चारूताई, ज्याची शर्यत..." हातातली इडली परत ताटलीत ठेवली. सगळे नीलिमाकडे देवीकडे बघावं तसे बघत होते. समीर, आमच्यातला सगळ्यात धाकटा, म्हणाला, "काकू, असली दोस्त मिली तो मैं भी गिरता!" हशा.

माझी पाळी आली तेव्हा माझी हकीकत उरलीच नव्हती. एवढंच म्हणाले, "मी पडले नव्हते. गोळा हिच्या पायात आला होता." कुणी मानलं नाही. वाईट ते नाही. वाईट हे, की सगळे मायेने बघायला लागले. भगवंतरावांनी माझ्या ताटलीत आणखी एक इडली ठेवली. "असं होतं बाई उन्हात. जानेवारीतली बेचाळीस किलोमीटरची यादी केलीय, त्यात तुमचं नाव नाही घातलं. वर्षभर दहाच पळा."

नीलिमा काय म्हणाली? चटणी वाढत होती.

सोमवार, ६ सप्टेंबर

का केलं असेल?

आपला पाय दुखला, आपण थांबलो, हे सांगायला लाज वाटली असेल. म्हणून माणूस उलटं सांगतो? माझ्या हाताला अजून तो पोटरीचा गोळा आठवतो, दगडासारखा. शाळेच्या मुली संत्र्याच्या फोडी वाटत होत्या. एक बँड होता. मग तो गोळा. मग गळ्यात मेडल. सगळं लख्ख आठवतंय.

"तुमचं नाव काय हो" म्हणे! वीस वर्षांची मैत्रीण. तिच्या मुलीच्या बारशाला घुगऱ्या मी शिजवल्या!

किशोर म्हणतो, "सोडून दे. झालंय काय त्यात?" काही झालं नाही, कारण त्याचं काही नाही.

मंगळवार, ७ सप्टेंबर

पहाटे ती फाटकाशी आली होती. माझ्या फाटकाशी. पडद्याआडून पाहिलं. दहा मिनिटं उभी होती. गेले नाही.

बुधवार, ८ सप्टेंबर

पुरावा आहे! घड्याळात आहे!

शाळा सुटल्यावर बसने कोठीच्या बाजारात गेले. रमजानचे शेवटचे दिवस, माणसाला माणूस घासतोय. जिन्याखाली बसणारा तो जुना घड्याळवाला — त्याच्याकडूनच तर घेतलं होतं. घामाने बटण अडकलंय म्हटलं, आणि यात शर्यतीचे आकडे आहेत, ते गेले तर मी तुम्हाला सोडणार नाही! बिचारा डोळ्यावरचं भिंग काढून म्हणाला, "मॅडम, रोजा है मेरा. आवाज चढाके नक्को बोलो. आपके आकडे कहीं जाते नै."

त्याने बारीक ब्रशने बटण साफ केलं, मग एकेक आकडा काढून दाखवला. मी वहीत उतरवले. "पूरे इक्कीस हैं. एक बी कम नै."

पंधरापर्यंत सव्वासात मिनिटांच्या आसपास प्रत्येकी. सोळावा नऊ. सतरावा बावीस — तिच्या पायाची बावीस मिनिटं! अठरावा चौदा, एकोणिसावा तेरा, विसावा आणि एकविसावा अकरा-अकरा. एकही पाटी चुकलेली नाही. रस्त्यात मटकन बसलेली, मैत्रिणीचं नाव विसरलेली बाई प्रत्येक पाटीशी आठवणीने बटण दाबते का? दाबते का?

घड्याळवाल्यालाच विचारलं. म्हणाला, "बेहोश आदमी बटण कैसा दबाता मॅडम?"

तेच तर!

(सतराव्या पाटीशी बटण दाबल्याचं आठवतं का? — दाबल्याशिवाय आकडा कसा येईल. आठवायची गरज काय.)

गुरुवार, ९ सप्टेंबर

मेल पाठवली. ग्रुपवर. सगळ्यांना.

प्राचीला म्हटलं, इंग्रजी तपासून दे. तिने वाचलं. "आई, हे पाठवू नकोस. नीलू मावशी आहे ती." मी म्हटलं, इंग्रजी बरोबर आहे का तेवढं सांग. "इंग्रजी बरोबर आहे," म्हणाली आणि ऑफिसच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठली. हे पान तिच्यासमोर उघडं ठेवलं तरी भीती नाही. मराठीची एक ओळ वाचायला तिला अर्धा तास लागतो!

एकवीस आकडे घातले. शेवटी लिहिलं — नीलिमाने सांगितलेली हकीकत खोटी आहे. तिने ती मागे घ्यावी.

खोटी. हा शब्द दोनदा खोडला, दोनदा लिहिला.

शुक्रवार, १० सप्टेंबर

समीरचं उत्तर: "काकू, चिल." भगवंतरावांचं: "विषय ग्रुपवर नको."

संध्याकाळी नीलिमाचा फोन. म्हणाली, "वाचलं." मी म्हटलं, "बोल ना! आकडे खोटे आहेत का?"

"नाही. आकडे खरेच आहेत."

"मग?"

"मग काही नाही, चारू. तू म्हणतेस तसं असेल. मी लिहिते ग्रुपवर, गोळा माझ्या पायात आला होता म्हणून. कोपर बरं झालं का?"

कोपर! भांडतसुद्धा नाही! भांडायला निदान समोरच्याला किंमत द्यावी लागते. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं आपटलं. त्याला पोचा आला.

शनिवार, ११ सप्टेंबर

गणपती बसले. तिची मेल आली. एक ओळ. "चारूचं बरोबर आहे, माझी चूक झाली."

जिंकले मी. मग मोदकांची उकड का बिघडली, कोण जाणे. दोनदा केली.

मंगळवार, १४ सप्टेंबर

विद्यापीठाच्या रस्त्यावर एकटी पळाले. चार किलोमीटर. दर पाटीला बटण दाबायची सवय, पण तिथे पाट्या नाहीत. भगवंतराव भेटले. नीलिमा येत नाही म्हणाले, आठवडा झाला. माझ्याकडे बघत होते. मी बुटाची नाडी बांधत राहिले. बांधलेलीच होती.

माझा काय दोष? मी खरं तेवढंच मागितलं.

शुक्रवार, १७ सप्टेंबर

महालक्ष्म्या जेवल्या, गेल्या.

नीलिमाला बोलावलं नाही.

प्रकाशराव गेले त्या वर्षी नणंदा कुजबुजल्या होत्या, तरी मी तिला पहिल्या पंगतीला बसवलं होतं. माझा हट्ट होता — माझ्या घरच्या महालक्ष्म्यांना नीलिमा चालते, ज्यांना चालत नसेल त्यांनी दुसऱ्या पंगतीला बसावं. आणि या वर्षी मीच बोलावलं नाही. थोरल्या नणंदेने विचारलं, "का गं, ती तुझी मैत्रीण?" मी म्हटलं, बरं नाही तिला. नणंदेचा चेहरा असा उजळला! त्याचाही राग आला.

केळीची पानं दरवर्षी तिच्या अंगणातली. मी बाजारातून आणायला किशोरला धाडणार, तर सकाळी फाटकाशी ठेवलेली. धुतलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. बेल न वाजवता गेली.

हेसुद्धा उपकार! मला नकोत कुणाचे उपकार. मी माणसांना धरते, मला धरावं लागत नाही. एवढी एक गोष्ट माझ्यापाशी होती, तीसुद्धा हिला हवी होती का?

पानं वापरली. दुसरी आणणार कुठून.

रविवार, १९ सप्टेंबर

नीलिमाकडे निघालेय. फाटकाशी उभी राहीन. एकवीस दिवस लागले तरी.

शर्यतीचे फोटो वेबसाइटवर आलेत. प्राचीने माझा नंबर घातला. पाच फोटो. पहिला हसरा, फ्लायओव्हरवरचा. पुढचे चार एका जागचे.

एकात मी दुभाजकाला टेकून बसलेय, आणि नीलिमा गुडघ्यांवर बसून पोटरी चोळतेय. माझी. मी खाली वाकून त्याच पोटरीवर हात ठेवलाय. दुसऱ्यात गाडीवाले आहेत, मी त्यांना हाताने हाकलतेय. तिसऱ्यात तिने मला कमरेला धरून उभं केलंय. माझे डोळे उघडे आहेत. असे डोळे मी कधी पाहिले नाहीत. प्राचीने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

शेवटच्यात माझी मान तिच्या खांद्यावर पडलीय. माझं डावं मनगट तिच्या हातात. ती समोर बघत नाही, माझ्याकडेही नाही. घड्याळाकडे बघतेय. तिचा अंगठा बटणावर आहे.

मागे पाटी. सतरा.