नॉटिंगहॅमचा हॉल भरला

ती. आईस,
कस्तुरीचा नमस्कार.

नोकरी सोडून मी ज्या ऑस्ट्रेलियन बँडमध्ये ड्रम वाजवायला लागले, त्याला ऐकायला काल इथला मोठा हॉल गच्च भरला. पाठीशी कुठली कंपनी नाही, रेकॉर्ड आमची आम्हीच काढतो. गेल्या वर्षी इथल्याच पबमध्ये अकरा माणसं होती, त्यातला एक बारवाला.

जेवण बहुतेक वेळेवर होतं. खोकलाही कमी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

बाबांनी तबला शिकवताना लावलेली सवय सुटलेली नाही. वाद्याला हात लावण्याआधी मी बूट काढते. बाकीचे तिघे आधी हसले, आता तेही काढतात.

बाबा अजून माझ्याबद्दल विचारत नाहीत ना? तू काही बोलू नकोस. सोबतचा फोटो त्यांच्या तबल्यापाशी ठेव. त्यात आम्ही कोणीच नाही, स्टेजच्या कडेला ओळीने ठेवलेले बुटांचे चार जोड आहेत.

तुझी, आणि त्यांचीही,
कस्तुरी