पाणी आहे, असं मी लिहिलं

काका, मी तुमच्या समोरच्या टेबलावरची बाई. कचेरीत तेव्हा आम्ही बाया दोघीच, एक बोलायची आणि एक बोलायची नाही. मी न बोलणारी. लातूर नवा जिल्हा झाला होता. उस्मानाबादहून लाल कापडात बांधलेली दप्तरं ट्रकनं आली, ठेवायला कपाटं नव्हती, म्हणून आपण त्या गठ्ठ्यांवरच बसून डबे खाल्ले. त्यात पावसानं दोन वर्षं पाठ फिरवलेली. मला बिलोलीहून उचलून इकडं टाकलं ते थेट टंचाईच्या टेबलावर, तुमच्या हाताखाली. नवरा तिकडंच मास्तर, शनिवारी एसटीनं यायचा. इथं पत्र्याची एक खोली, त्यात मी, सासू आणि दोन वर्षांची लेक. खोलीची किल्ली सासूच्या कमरेला. कचेरीतून निघायला उशीर झाला की ती दारातच उभी असायची, काही बोलायची नाही, नुसती बघायची. मी कचेरीत गप्प, घरी गप्प, आणि कुणी विचारलं की म्हणायची, ठीक आहे.

तुमचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. तुम्ही प्रश्न म्हणत नव्हता, सवाल म्हणत होता. कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं की बाकीचे कारकून फॉर्म पुढं ओढायचे, आणि तुम्ही पेनाला टोपण लावायचा. एकदा टोपण लागलं की समजायचं, आता हा माणूस ऐकणार. खरं सांगते, मला लई राग यायचा तुमचा. दहा माणसं रांगेत उभी, आणि तुम्ही एका म्हाताऱ्याच्या बैलाचं दुखणं ऐकत बसलात! सरकारी कामात बैलाचं काय? पण तो म्हातारा बैलावरून चाऱ्यावर यायचा, चाऱ्यावरून विहिरीवर, विहिरीवरून भावकीवर, आणि शेवटी जे सांगायचं म्हणून तो तीस मैलांवरून आलेला असायचा, ते सांगायचा. हे मला फार उशिरा कळलं.

त्या उन्हाळ्यात निलंगा तालुक्यातल्या एका गावाची पाहणी माझ्याकडं आली. टँकर द्यायचा की नाही, ते माझ्या कागदावरून ठरणार होतं. जीपनं मला वेशीत सोडलं आणि ती पुढच्या गावाला गेली. पहिलंच घर चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याचं. माझ्याच वयाची बाई दारात आली. हातात फॉर्म, डोक्यावर ऊन, मी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, पाणी आहे ना ताई? ती म्हणाली, हाय की, या, बसा. आत गेली आणि तांब्या भरून आणला, माझ्या हातात दिला. मी प्याले. मग फॉर्मवर 'आहे' याच्यापुढं खूण केली. पुढच्या चार घरांतही तसंच विचारलं, तसंच उत्तर आलं. कामाला तासभरसुद्धा लागला नाही. परत येताना मी खूश होते.

अकराव्या दिवशी त्या गावच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन कचेरीत आल्या. व्हरांड्यात घागरी मांडून बसल्या. त्यात तीही होती, मला तांब्या देणारी. साहेब सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडले, आणि ओरडायलाच पाहिजे होतं, गाव अकरा दिवस माझ्या एका खुणेवर तहानलेलं होतं. मी शेवटी तुमच्या टेबलापाशी आले. तुम्ही पेनाला टोपण लावलं. म्हणालात, "बाई, त्या घरात गेल्यापासून निघेपर्यंत काय काय झालं, सांगा."

मी म्हटलं, विचारलं, ती हो म्हणाली, मी लिहिलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी भिंतीकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. तुम्ही बसलेलेच. आणि मग जे नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं, ते माझ्या तोंडातून यायला लागलं. माझी आजी आमच्या गावात असल्याच एका घराच्या अंगणात लांब उभी राहायची, ओंजळ करायची, आणि वरून पाणी ओतलं जायचं. आजोबांनी दीक्षा घेतली, घरातले देव विहिरीत सोडले, आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, पण त्या ओंजळीची गोष्ट घरात ऐकतच मी मोठी झाले. आणि त्या दिवशी त्या बाईनं ना गाव विचारलं ना आडनाव, सरळ तांब्या हातात दिला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. काका, मी त्या आनंदातच होते. ते पाणी कुठून आलं, हे विचारायचं भानच उरलं नाही. हे सगळं मी रडत सांगितलं. तुम्ही 'असू द्या' म्हणाला नाहीत, 'असं होतं' म्हणाला नाहीत. शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, उद्या परत जाऊ.

दुसऱ्या दिवशी आपण दोघं तिच्या ओट्यावर बसलो आहोत. मी तुमच्याकडं बघते आहे, आता हे पाण्याचं विचारतील. तुम्ही पाण्याचं नावच काढत नाही. विचारता, आज घरातली पहिली घागर कोण घेऊन आलं? ती म्हणते, पोरगी. कुठनं? मग ती बोलायला लागते आणि थांबत नाही. दोन कोसांवरची विहीर, तिथली पाळी, वाटेतला ओढा, पोरीचा सुजलेला पाय. पोरगी हुशार होती, दिवाळीपासून शाळा सुटली. मला दिलेला तांब्या तिनं जावेकडून मागून आणला होता. शेवटी मीच न राहवून विचारलं, मग त्या दिवशी हाय का म्हणालीस? तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी येड्यासारखं बोलले.

"दारात आलेल्या बाईला न्हाई कसं म्हणावं? घरात पाणी न्हाई म्हणलं तर ते घर कशाचं?"

टँकर चौथ्या दिवशी गेला. तिच्या ओट्यावरून परत येताना जीपमध्ये तुम्ही म्हणालात, "ज्या सवालात जवाब आधीच बसलेला असतो, तो सवाल नसतो बाई. तो हुकूम असतो. समोरचा तो पाळतो."

त्यानंतर कधीतरी, एका दुपारी, डबा खाताना तुम्ही मला विचारलंत, तुमचा दिवस कसा सुरू होतो? मी सांगायला लागले आणि त्या बाईसारखीच थांबले नाही. किल्ली सांगितली, दारातलं बघणं सांगितलं. खात्याच्या परीक्षेचं सांगितलं, जी दिल्याशिवाय वरची जागा मिळत नाही, आणि जिच्यासाठी औरंगाबादला चार दिवस एकटीनं राहावं लागतं. सासू म्हणाली होती, मास्तरापेक्षा मोठी व्हायचं हाय का? तुम्ही म्हणालात, तुम्हाला काय पाहिजे बाई? मला तोवर कुणी हे विचारलं नव्हतं, आईनंसुद्धा. मी हातातला पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला. मग म्हणाले, मला तुमच्या खुर्चीत बसायचंय. तुम्ही मोठ्यानं हसलात. मी मात्र घाबरले, कारण ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. आठवड्याच्या आत तुम्ही फॉर्म आणून माझ्या टेबलावर ठेवलात.

शनिवारी मी तो नवऱ्यापुढं ठेवला. तो वाईट माणूस नव्हता, कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. फॉर्म वाचला, घडी घातली, आपल्या ट्रंकेत ठेवला आणि म्हणाला, बघू. काका, या बघूशी भांडता येत नाही. मारलं असतं तर ओरडता आलं असतं. माझं अर्धं आयुष्य त्या बघूच्या आत गेलं. खोली बदलली, पत्र्याचा स्लॅब झाला, सासू गेली, पण बघू तिथंच होतं.

एक मात्र मी केलं. लेक बारावी झाली तेव्हा लातुरात जो तो तिला एकच विचारायचा, डॉक्टर का इंजिनियर? मी भाजी निवडत तिच्याजवळ बसले आणि विचारलं, तुला कोणत्या कामात वेळ गेलेला कळत नाही? ती म्हणाली, माहीत नाही. मी गप्प बसले. दोन संध्याकाळी आम्ही नुसत्या भाज्या निवडल्या. तिसऱ्या दिवशी ती मातीबद्दल बोलायला लागली, शेतातल्या मातीबद्दल. तिला ती शिकायची होती, परभणीला जाऊन. वडील म्हणाले, बघू. मी म्हणाले, बघायचं काही न्हाई, ती चालली. माझाच आवाज, पण मला ओळखू आला नाही. आज ती शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन माती तपासते, आणि म्हणे तिच्याशी लोक लई बोलतात.

तुम्ही मात्र फॉर्म आणून दिलात त्याच वर्षी निवृत्त झालात, आणि पुढच्या वर्षी नांदेडच्या दवाखान्यात मी तुम्हाला भेटायला आले. एवढासा जीव झाला होता. बोलताना दम लागत होता. मी स्टुलावर बसले, तुम्ही डोळे उघडले, मला ओळखलंत आणि विचारलंत, "परीक्षा पास झालात ना, बाई?"

मी म्हणाले, "झाले, काका."

तुम्ही समाधानानं मान हलवलीत. चौथ्या दिवशी तुम्ही गेल्याची बातमी कचेरीत आली. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. मी त्या परीक्षेला कधीच बसले नाही. तुम्ही आणलेला फॉर्म कोराच राहिला, आणि मी ज्या टेबलावर आले त्याच पदावरून निवृत्त झाले. काय झालं बाई, असं विचारून तुम्ही गप्प बसला असता, तर मला सगळं सांगावं लागलं असतं. तुम्ही तसं विचारलं नाहीत, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला हायसं वाटलं.