पहिली यादी लागण्याआधी

बाई,

आज तुमचं अक्षर मला अचानक भेटलं. बोईसरच्या ज्या अभ्यासकेंद्रात मी आता प्रवेशाच्या खिडकीवर बसते, तिथे जुन्या फायली स्कॅन करायचं काम सुरू आहे. सकाळी एका गठ्ठ्यातून माझाच अर्ज निघाला. तुम्ही भरलेला. बारावीनंतर वर्गशिक्षिका म्हणून तुम्ही तीन कोरे अर्ज माझ्यापुढे ठेवले होते आणि मी एकही न वाचता सह्या केल्या होत्या, कारण ते तुम्ही ठेवले होते. ‘दूरशिक्षण घेण्याचे कारण’ या रकान्यात तुम्ही वळणदार अक्षरात लिहिलं आहे, ‘घरगुती जबाबदारी’. त्याखाली तारीख आहे. पालघरच्या कॉलेजची पहिली यादी माझ्या वाढदिवशी लागायची होती, त्यामुळे तो दिवस मी विसरणं शक्य नाही. अर्जावरची तारीख त्याच्या सहा दिवस आधीची आहे. सोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडलेला. मूळ दाखला एकच असतो, बाई. तो इथे जमा झाला की कॉलेजचं दार बंद होतं, हे मी रोज पन्नास जणांना सांगते.

यादी लागली त्या संध्याकाळी तुम्ही मुरब्याला आमच्या ओट्यावर बसला आहात. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला शब्दकोश आहे. आई आत अंथरुणाला खिळलेली, बाबा जाळं विणत बसलेले. तुम्ही म्हणता, “नाव नाही गं लागलं. यंदा गुणच फार वर गेले. पण घरबसल्या पदवी मिळेल, पुस्तकं मिळतील, वर्ग फक्त रविवारी. पदवी तीच असते.” बाबा मान वर न करता म्हणतात, “बाई सांगतात ता बरोबरच हाय.” मी शब्दकोश छातीशी धरते. शाळेत पहिली आलेली मुलगी पुढची तीन वर्षं मासळी सुकवायच्या वलांडीच्या बांबूंवर बोंबील टांगते आणि त्यांच्या सावलीत स्वयंअध्ययनाची पुस्तकं वाचते. शेजारच्या बायका हसतात, “काय गो मास्तरीन, आज बोंबलांना काय शिकवतेस?” मी लाजून पान उलटते. मला वाटत असतं, मीच कमी पडले. दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. तेव्हा मी रडले ते तुमच्यासाठी, आणि थोडं तुमचा विश्वास फोल ठरवल्याबद्दलही.

दुपारी मी बाबांना फोन करून सरळ विचारलं. ते म्हणाले, “मी रडलो होतो बाईंपुढं. तुजी आय पडलेली, घरात करनारा कोन? बाई आदी नाय म्हनत होत्या. मग म्हनाल्या, पोरीला सांगू नका, झुरंल ती.” म्हणजे तुम्हालाही ते सोपं गेलं नव्हतं. हे कळल्यानं राग कमी व्हायला हवा होता, तो वाढला. तुम्ही मला विचारलं असतं तर मी बहुधा ‘हो’च म्हटलं असतं. आईसाठी मी स्वतः थांबले असते. ते थांबणं माझं असतं. तुम्ही दोघांनी मिळून ते माझ्याकडून काढून घेतलंत आणि बदल्यात मला एक खोटं अपयश दिलंत. ते मी इतकी वर्षं खरं समजून सांभाळलं.

दूरशिक्षण वाईट नाही, हे तुम्हाला सांगायला नको. कारखान्यातली पाळी संपवून आलेला माणूस खिडकीशी विचारतो, “मॅडम, क्लास संडे को ही है ना?” त्याच्या डोळ्यांत जी आशा असते, तिच्यासाठी मी ही नोकरी करते. त्याला मी सगळं नीट सांगते: वार्षिक की सत्र पद्धत, छापील पुस्तकं की मोबाइलवरचे धडे, जुलैचा प्रवेश की जानेवारीचा. तो निवडतो.

चार वाजता दातिवऱ्याचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. दाखला त्यांच्याच खिशात होता. “हिचा इथंच भरून टाका,” म्हणाले. मी तिलाच विचारलं, कॉलेजात अर्ज केलायस का? तिनं होकारार्थी मान डोलावली. “यादी उद्या हाय,” हे इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं. मी म्हटलं, इथला प्रवेश अजून महिनाभर चालू राहणार आहे; उद्या यादी बघ, स्वतः बघ, आणि मग दोघं मिळून ठरवा. गृहस्थ चिडले, “तुमाला काय करायचा हाय?” दाखला मी घेतला नाही.

ते गेल्यावर मी हे लिहायला बसले. तुम्हाला दोषी ठरवून थांबायचं होतं, पण एक गोष्ट उरते. यादी लागल्यानंतर दोनच दिवसांनी मी पालघरला आईचं औषध आणायला गेले होते. कॉलेजच्या फाटकासमोरच बस थांबली. यादीचा फलक रस्त्यावरून दिसत होता, आत फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुली उभ्या होत्या. मी रस्ता ओलांडून यादी बघितली नाही. नाव नाही, याचं मला त्या क्षणी बरं वाटलं होतं, बाई. हे तुम्ही हयात असतात तरी मी तुम्हाला कळू दिलं नसतं.