हमी पहिल्या मालकाच्या हयातीपर्यंत

नव्वद दिवस, आणि तेही कामाचे. म्हणजे शनिवार-रविवार आणि सगळे सण वगळून. एका फ्रेमला पडलेली चीर बघायला कारखान्याला एवढे दिवस लागतात म्हणे. त्याच कारखान्यात मी एकोणतीस वर्षं टायटॅनियमच्या सायकल फ्रेमा जोडल्या. चीर कशाची ते कळायला मला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. हे नव्वद दिवस कुठून आले ते मला ठाऊक आहे. म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहायला बसले.

मी, ज्वांग बी-ल्येन, वय छप्पन्न, राहणार वाइपू, ताइचुंग. शाळा सहा वर्षं, त्यातली दोन अळूच्या शेतात गेली. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धमकावलेलं नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेलं नाही. राग आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. अवघड शब्द भाची पेइ-चेन हिला विचारले, वाक्यं माझी आहेत. या कागदावर शिक्का नाही, फक्त सही आहे. का, ते कलम चारमध्ये.

२१ नोव्हेंबरला सकाळी माझं ऑपरेशन आहे. छातीतल्या मोठ्या रक्तवाहिनीची भिंत एका जागी पातळ होऊन फुगली आहे. डॉक्टर चित्र काढून समजावत होते. मी म्हटलं, "नळीचं मला शिकवू नका, भिंत किती जाड उरलीय तेवढं सांगा." ते हसले. मग आकडा सांगितला, तेव्हा हसले नाहीत.

१. दोन खोल्यांचं घर, मागच्या पत्र्याच्या शेडसकट, पेइ-चेनला. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ, गेल्यापासून ती इथेच वाढली. शेड गळतं, ते तिने बघावं. पोस्टातले पैसेही तिचेच, त्यातून आधी अंत्यविधी. रडायला भाड्याची बाई आणू नये. ज्याला रडू येत नाही त्याने घरी बसावं.

२. वेल्डिंगची टॉर्च, मुखवटा आणि हातमोजे तांत्रिक शाळेत जी मुलगी वेल्डिंग शिकत असेल तिला. यंदा मुलगी नसेल तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावं. तिला सांगावं: सांधा चांदीसारखा दिसला तर बरोबर. निळा पडला तर गॅस कमी पडला. तो घासून चकचकीत करू नये, कापून परत करावा. मी एकही सांधा घासून लपवलेला नाही.

३. फ्रेम क्रमांक १०४०. कामाला वीस वर्षं झाली तेव्हा मालक को मिंग-छोंग याने बक्षीस दिलेली. मालक म्हणायचं, पण सुरुवात आम्ही तिघांनी एका शेडमध्ये केली. तो नळ्या कापायचा, मी जोडायचे, त्याची बायको मेइ-यून कागदपत्रं आणि जेवण बघायची.

त्याच वर्षी नळ्यांचा एक गठ्ठा आला. मी सवयीने आत बोट घातलं, तर लांबीला रेघ लागली. पत्रा वळवून जोडलेली नळी. आमची नळी अखंड ओढलेली असते, गिऱ्हाइकाला तसंच सांगतो. मी म्हटलं, "मिंग-छोंग, ही जोडाची आहे. सात-आठ वर्षांत या रेघेवर उघडेल."

"बी-ल्येन ताई, गिऱ्हाईक काय नळीत बोट घालून बघणार आहे? तू जोड."

मी जोडल्या. एकसष्ट फ्रेमा. हा माझा दोष, तो मी इथे आपणहून लिहिते.

माझ्या फ्रेमच्या नळ्या मात्र मेइ-यूनने स्वतः आणून दिल्या. "जुन्या गठ्ठ्यातल्या वेगळ्या काढून ठेवल्यात तुझ्यासाठी. तुला का मी असली देईन, अगं?" त्या दिवशी मी बोट घातलं नाही.

सोबत हमीचं कार्ड मिळालं: पहिल्या मालकाच्या हयातीपर्यंत. यंदा मार्चमध्ये खालच्या नळीवर चीर दिसली. सांध्यापासून दोन बोटं दूर, पट्टीने आखल्यासारखी सरळ. सांधा कच्चा असला तर चीर सांध्यापाशी पडते, अशी नळीभर धावत नाही.

४. माझ्या नावाचा शिक्का, जो सहीच्या जागी चालतो. कारखान्यात सगळ्यांचे शिक्के मेइ-यूनच्या खणात असतात. पार्सल आलं, विम्याचा कागद आला, दरवेळी कोण जिना चढणार. गेल्या वर्षी श्वास पुरेना म्हणून काम सोडलं, पण शिक्का तिथेच राहिला. मेइ-यूनकडे आहे म्हणजे घरीच आहे, असं मी धरून चालले.

मी फ्रेमची तक्रार केली. पहिलं पत्र आलं: सायकल कुठेतरी जोरात आदळली असणार. मी त्यावरून भाजीला आणि देवळात जाते. दुसरं पत्र आलं: सांधा कच्चा होता, वेल्डरने चूक लेखी मान्य केली आहे, सबब वेल्डरच्या स्वतःच्या फ्रेमला हमी लागू नाही. सोबत ती कबुली: खाली माझं नाव, नावावर माझा शिक्का.

मग ताइनानच्या एका शाळामास्तरांचा फोन आला. त्यांची फ्रेम त्या एकसष्टातली, माझ्या फ्रेमसारखीच चिरलेली. म्हणाले, "बाई, माझी सायकल गेली ती गेली. पण तुम्ही चूक कबूल केलीत, एवढं तरी आजकाल कोण करतं?" तेव्हा कळलं: तोच कागद सगळ्यांना दाखवला जातोय.

मी जाऊन शिक्का मागितला. मेइ-यूनने खणातून काढून दिला. "जपून ठेवलाय हं तुझा," म्हणाली. त्याची लाल शाई माझ्या बोटाला लागली. घरी येऊन मी तो ग्राइंडरवर धरला. यापुढे ज्या कागदावर माझा शिक्का असेल तो कागद माझा नाही. ज्यावर हे वाकडं अक्षर असेल तोच माझा.

५. त्यानंतर मेइ-यून पेरू घेऊन घरी आली. माझ्या पलंगावर बसून फोडी करून दिल्या. "झालं गेलं जाऊ दे. फ्रेमचं मी त्याच्याशी बोलते. तुझं ऑपरेशन कधी?" मी तारीख सांगितली. "डॉक्टर काय म्हणतात?" तेही सांगितलं. ती रडली. चार दिवसांनी तिसरं पत्र आलं: फेरतपासणी करू, फ्रेम पाठवा, निकाल नव्वद कामाच्या दिवसांत. हमी कुणाबरोबर संपते ते मेइ-यूनला वाचून बघावं लागत नाही. कार्ड तिनेच टाइप केलं होतं.

६. फ्रेम १०४० पेइ-चेनला. तिने ती विकू नये, दुरुस्त करू नये आणि तपासणीला तर मुळीच पाठवू नये. पाठवलेली फ्रेम परत आलेली मी पाहिलेली नाही. भंगारात कापलेल्या पाहिल्या आहेत. ताइनानचे मास्तर किंवा बाकीच्यांपैकी कोणी बघायला आलं तर दाखवावी, आणि हा कागदही दाखवावा.

त्या गठ्ठ्यातल्या नळीचा एक तुकडा माझ्याकडे आहे. इतकी वर्षं त्यात उदबत्त्या ठेवल्या. त्याचे दोन भाग केले आहेत. एक पेइ-चेनकडे राहील, दुसरा को मिंग-छोंग याला. त्याने आत बोट घालून बघावं.

दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा मेइ-यूनला. पंचवीस वर्षं आम्ही त्यात एकत्र जेवलो. मुळा घातलेल्या आम्लेटचा मोठा तुकडा ती मला द्यायची. ते खोटं नव्हतं असं मला अजून वाटतं, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत, मला हवेत. दोघांनी मला हे लिहिताना पाहिलं आहे.

साक्षीदार: हुआंग चिन-चू, शेजारीण (सही)
साक्षीदार: श्ये वन-तू, औषधाचं दुकान (सही)

लिहिणार: ज्वांग बी-ल्येन (सही)
वाइपू, ताइचुंग. प्रजासत्ताक वर्ष ११४ (इ.स. २०२५), ५ नोव्हेंबर.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, पण हे मला आधी वाचलं जायला हवं आहे. म्हणून याची प्रत आजच रजिस्टर पोस्टाने कारखान्यात जात आहे, मेइ-यूनच्या नावाने. मेइ-यून, मला नवी फ्रेम नको. मला तुझ्या हातचं एक पान हवं, शिक्का न मारता: नळ्या जोडाच्या होत्या, आणि बी-ल्येनने काहीही कबूल केलेलं नाही. त्याची एकेक प्रत त्या एकसष्ट जणांना. खरं वेगळं असेल तर देवळात ये, माझू देवीसमोर कोंबड्याची मान उडवून शपथ घे. मीही घेते, मला चालत येता येतं अजून. उत्तर २० नोव्हेंबरला दुपारी बारापर्यंत माझ्या हातात पडावं. तोपर्यंत पहिली मालक मी आहे, आणि हयात आहे.