वाट बघणाऱ्याचं नाव

प्रिय चेलो,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते न उघडताच खिडकीत ठेवशील आणि दोन दिवस त्याच्याकडे रागाने बघत राहशील, हे मला माहीत आहे. म्हणूनच लवकर टाकते आहे. मी बरी आहे, गुडघाही कुरकुरत नाही. पंधरा तारखेला, शनिवारी, कोफाच्या डोंगरात ताडांच्या घळीवरच्या खिंडीपर्यंत जायचं ठरवलंय. कपाळाला हात लावू नकोस. माझं जाणं तुझ्या एका होकारावर अडलंय, तेव्हा पुढचं नीट वाच.

सकाळी सातला पायथ्याशी पोचायचं. सोबत पाच लिटर पाणी, बीन्सचे दोन बरीतो, संत्री आणि जुना कंगवा. कंगवा म्हटल्यावर हसलीस ना? चोयाच्या निवडुंगावर तू नेमकी बसली होतीस आणि बाबा त्याच कंगव्याने एकेक काटा उपसत होते. तू रडत होतीस आणि मी दगडावर लोळून हसत होते. बाबांचा नियम एकच, अर्धं पाणी संपलं की पाय वळवायचे, मग समोर खिंड दिसत असली तरी. त्या नियमापायी आपण तिघं खिंडीपर्यंत कधीच पोचलो नाही. या फेब्रुवारीत हवा गार आहे आणि जानेवारीच्या पावसाने घळीत फुलंही आली आहेत. यंदा जमेल असं वाटतं. पण नियम मी मोडणार नाही, शप्पथ.

आता गेल्या मार्चचं. अकरा महिने आपण दोघी त्यावर गप्प आहोत. त्या दिवशी मी डोंगरावरून चारलाच खाली उतरले होते. ट्रकची बॅटरी मेली होती, फोनला रेंज नव्हती. शेजारच्या तळावरचे कॅनडाचे म्हातारा-म्हातारी म्हणाले, रेंज मिळेल तिथवर आमच्या गाडीने सोडतो, आधी थोडं खाऊन घ्या. खाल्लं, मग पत्ते निघाले, आणि मी जिंकायला लागले. सहाला तुला फोन करायचा हे डोक्यातून साफ गेलं. तू सातपर्यंत थांबलीस, मग शेरीफला कळवलंस. शोधपथकाला ट्रक सापडला, इंजिन थंडगार. माणसं वर निघाली, हेलिकॉप्टर आलं, तू युमाहून गाडी हाणत आलीस आणि मी हातात तीन राण्या घेऊन बसलेली. तू म्हणालीस, "दरीत पडली असतीस तर इतका राग आला नसता गं मला!" आणि मी, सगळ्यांदेखत लाजले होते म्हणून, म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं वाट बघत बसायला?"

चेलो, मीच सांगितलं होतं. चूक माझी होती आणि तोंडही माझंच सुटलं. माफ कर मला.

सोबत शनिवारच्या बेताचा कागद जोडला आहे. वाट, वेळा, ट्रकचा नंबर, सगळं आहे. बुटाचा तळ चंदेरी कागदावर दाबून ठसाही काढलाय, शोधणाऱ्यांना बरा पडतो. ट्रकला नवी बॅटरी बसवली आहे. कागदाच्या तळाशी एक ओळ असते, वाट बघणाऱ्याचं नाव. ती वर्षभर कोरी होती, म्हणून वर्षभर मी डोंगराकडे फिरकले नाही. शेजारीण बर्नाडेट म्हणाली, माझं घाल की. पेन हातात घेतलं, पण लिहवेना. ती आठपर्यंत थांबेल आणि झोपी जाईल. तू झोपणार नाहीस. त्या ओळीवर तुझं नाव लिहिलंय, पेन्सिलीने. नको असेल तर खोड आणि कागद परत पाठव, मी घरीच बसेन. हवं असेल तर वरून शाईने गिरव आणि फ्रिजवर लाव. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता फोन वाजेल. या वेळी मी सांगते आहे, चेलो. माझी वाट बघ.

तुझीच, तीन राण्यांवाली,
ओफेलिया